आंब्याची ॲलर्जी रक्तात का दिसली नाही

मागच्या मे महिन्यात माझ्या भाच्याच्या ओठांभोवती लाल पुरळ उठलं, त्यात बारीक पाण्याचे फोड आणि खाज इतकी की पोरगं रात्रभर झोपेना. बहीण कोपरखैरण्याला राहते, वाशीच्या एपीएमसीतून दरवर्षी हापूसची पेटी येते आणि हा काही आंबा कापून खात नाही, देठाकडचं टोक दातानं तोडायचं आणि चोखत बसायचं, रस कोपरापर्यंत. माझी आई बघितल्या बघितल्या म्हणाली, "अगं, हे बिब्बा उतल्यासारखं दिसतंय." आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही, फळांच्या ॲलर्जीची ब्लड टेस्ट बुक केली, लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला. आंबा ०.१० पेक्षा कमी, क्लास ०, म्हणजे काहीच नाही. आणि केळं, टोमॅटो मात्र क्लास १, जे तो रोज खातो आणि त्याला आजवर काहीही झालेलं नाही. बहिणीनं घाबरून केळी बंद केली आणि आंबा परत सुरू केला, मग पुरळ परत आलं.

रिपोर्ट खोटा नव्हता. ही टेस्ट नक्की काय शोधते तेच आम्हाला माहीत नव्हतं आणि ते कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

ॲलर्जी हा शब्द १९०६ सालचा, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा. पण रक्तात काहीतरी आहे हे दाखवलं १९२१ मधे ब्रेस्लाऊच्या (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमधे) दोन डॉक्टरांनी, कार्ल प्राउसनित्झ आणि हाइन्झ क्युस्टनर. क्युस्टनरना शिजवलेला मासा चालायचा नाही. प्राउसनित्झनी त्यांच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी, घेऊन स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि थोड्याच वेळात तिथे गांधी उठली. मासा सोसणाऱ्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याची ॲलर्जी उठली! म्हणजे ती रक्तातून नेता येते. हीच पद्धत पुढे कित्येक वर्षं टेस्ट म्हणून चालली, एकाचं सीरम दुसऱ्याच्या कातडीत, आणि त्यातून कावीळ वगैरे पसरायचा धोका लक्षात आल्यावर मागे पडली.

पण ते "काहीतरी" म्हणजे काय हे कळायला अजून ४५ वर्षं गेली, कारण ते रक्तात असतं फारच थोडं, अँटिबॉडी म्हणजे शरीर परक्या गोष्टींविरुद्ध बनवतं ती प्रोटीनं, त्यातल्या नेहमीच्या आयजीजीच्या हजारो पट कमी. १९६६ मधे अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका पतीपत्नी, किमिशिगे आणि तेरुको, यांनी ते वेगळं काढलं. त्याच सुमारास स्वीडनमधे उप्सालाला योहान्सन आणि बेनिक यांना मायलोमा या कॅन्सरच्या एका पेशंटच्या रक्तात एक अनोळखी प्रोटीन सापडलं, आणि त्या आजारात ते ढिगानं तयार होत असल्यामुळे अभ्यासाला भरपूर मिळालं. दोन्ही गोष्टी एकच निघाल्या, १९६८ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला आयजीई हे नाव मिळालं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी पायरी हीच, कारण त्याआधी माणसाची कातडीच टेस्टचं यंत्र होती.

उप्सालाच्याच लोकांनी १९६७ मधे पहिली ब्लड टेस्ट दिली, रास्ट. कल्पना एकदम साधी. ज्या पदार्थाचा संशय आहे त्याचं प्रोटीन आधी चिकटवून ठेवायचं, कागदाची छोटी चकती वापरायचे, त्यावर पेशंटचं सीरम टाकायचं, त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई असेल तर ते धरून बसतं, बाकी सगळं धुवून टाकायचं, मग आयजीईला चिकटणारी किरणोत्सारी अँटिबॉडी टाकायची, परत धुवायचं आणि किरणं मोजायची. आता किरणोत्सारी काही नसतं, एन्झाइम आणि चमक मोजणारं मशीन असतं, पण जुने डॉक्टर अजून रास्टच म्हणतात. रिपोर्टमधले क्लास आणि ०.३५ चा आकडा, ज्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरायचे, त्याच काळातून आलेत, पुढची मशीन ०.१० पर्यंत खाली मोजायला लागली. कातडीवरच्या टेस्टच्या आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, इथे लागत नाहीत, ही मोठी सोय.

फळांच्या बाबतीत मात्र ही टेस्ट पहिल्यापासून अडखळत आलीय. फळातली काही प्रोटीनं इतकी नाजूक की अर्क बनवतानाच मोडतात, म्हणून १९८३ मधे स्वीडिश डॉक्टरांनी ताज्या सफरचंदात सुई खुपसून तीच मुलांच्या हातावर टोचायची पद्धत मांडली, ती अजून वापरतात. ती मुलं होती बर्च झाडाच्या परागाची ॲलर्जी असलेली. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्रवाल्या झाडाचा भाऊबंद, त्याच्या परागातलं प्रोटीन आणि सफरचंदातलं प्रोटीन इतकं सारखं की शरीर फसतं आणि सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं. ठाण्यात कुठे आलाय बर्च, त्यामुळे युरोपचं हे गणित इथे जसंच्या तसं लावता येत नाही. १९९० नंतर अजून एक जोडी पुढे आली, रबरी हातमोज्यांच्या लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांना केळं, ॲव्होकाडो, किवी सोसेना, १९९४ मधे स्पेनच्या डॉक्टरांनी हे नीट मांडलं.

आणि क्लास १ चं केळं? १९८१ मधे नेदरलँड्समधे आल्बर्से आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या प्रोटीनवर जे साखरेचे तुकडे असतात त्यांना पण आयजीई चिकटतं, टेस्टमधे आकडा येतो आणि माणसाला बहुतेक वेळा काहीच होत नाही. भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच होतं का हे आम्ही नंतर ज्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ठामपणे नाही सांगितलं, पण जे रोज खाऊन काही होत नाही ते आकड्यासाठी बंद करू नका म्हणाल्या.

आता आंबा. आयजीईवाली आंब्याची खरी ॲलर्जी असते, क्वचित, त्यात काही मिनिटांत ओठ सुजणं, अंगावर गांधी, दम लागणं होतं आणि तेव्हा रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. पण भाच्याचं पुरळ आंबा खाल्ल्यावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी उठायचं, ते प्रकरणच वेगळं. आंब्याच्या चिकात आणि सालीत काही तेलकट द्रव्यं असतात, ती कातडीला लागली की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर उठतात. आयजीईचा त्यात संबंधच नाही, मग ते रक्ताच्या टेस्टमधे दिसणार कुठून. त्यासाठी वेगळी टेस्ट आहे, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढायच्या, आणि ती रास्टपेक्षा कितीतरी जुनी, १८९५ ची. योसेफ याडासोन यांची, आणि गंमत म्हणजे तेही ब्रेस्लाऊचेच.

आणि आई. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातली झाडं आहेत, अ‍ॅनाकार्डिएसी, आणि तिघांच्या चिकात किंवा टरफलातल्या तेलात एकमेकांसारखीच द्रव्यं असतात. काजूचं टरफल फोडणाऱ्या बायका हाताला तेल, राख का लावतात ते यामुळेच. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरायचे, दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या परदेशी सैनिकांना त्या खुणेमुळे कातडीवर पुरळ यायचं आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर लिहून ठेवलंय. म्हणजे बिब्बा उतल्यासारखं दिसतंय हे आईचं वाक्य शब्दशः बरोबर होतं.

त्या त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, आंबा कसा खातो? कुणीच हे विचारलं नव्हतं. यावर्षी आई स्वतः आंबे पाण्यात घालते, देठ कापून चीक वाहू देते, साल जाड काढते आणि फोडी वाटीत घालून काट्यानं खायला देते. दोन पेट्या संपल्या, पुरळ नाही, आणि केळी परत सुरू आहेत.