पृथ्वीच्या वाट्याला एवढा कमी कार्बन का?

सजीवांचा सगळा डोलारा कार्बनवर उभा असला, तरी या मूलद्रव्याच्या बाबतीत पृथ्वी कमालीची दरिद्री आहे. सूर्यात सिलिकॉनच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण 8 अणू आहेत. ‘रोझेटा’ यानाने चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूची धूळ तपासली, तिच्यात हा आकडा 5.5 च्या आसपास निघाला. कार्बनयुक्त अशनींमध्ये तो 1 च्याही खाली येतो. आणि पृथ्वीचं कवच व प्रावरण मिळून पाहिलं, तर सिलिकॉनच्या शेकडो अणूंमागे कार्बनचा एखादाच! गाभ्यात काही दडला असेल असं धरलं, तरी तूट भरून निघत नाही.

सगळे जन्मले ते एकाच वायू-धुळीच्या ढगातून. मग हा कार्बन गेला कुठे?

धुळीतला बराचसा कार्बन डांबरासारख्या सेंद्रिय पदार्थांत असतो. तापमान 500 केल्विनच्या, म्हणजे साधारण 230 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं, की हे पदार्थ मोडून वायुरूप होतात. खरी मेख पुढे आहे. खडकाची किंवा लोखंडाची वाफ थंड झाली की पुन्हा घनरूप होते. कार्बन मात्र एकदा कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंत अडकला की धुळीत परतत नाही. नवजात सूर्याभोवतीच्या तबकडीत जिथवर एवढी उष्णता होती, त्या सीमेला ‘काजळी रेषा’ म्हणतात. तबकडी निवत गेली तशी ही रेषा सूर्याकडे सरकली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, पृथ्वीच्या कच्च्या मालातला कार्बन पहिल्या दहा लाख वर्षांतच उडून गेला असावा. न परतलेला कार्बन असा तापमापकाचं आणि घड्याळाचंही काम करतो.

ही रेषा म्हणजे काही भिंत नव्हती. ‘स्टारडस्ट’ यानाने 2006 मध्ये ‘वाइल्ड 2’ धूमकेतूची धूळ आणली, तेव्हा त्या गोठलेल्या पाहुण्यात हजार अंशांहून अधिक तापमानात घडलेले खनिजकण सापडले. सूर्याजवळचा माल दूरवर फेकला जात होता तर!

सगळाच कार्बन इतका नाजूक नसतो, हेही सांगायला हवं. सिलिकॉन कार्बाइडचे कण भलतेच चिवट. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतले काही कण सूर्याहून तब्बल 3 अब्ज वर्षांपर्यंत जुने आहेत. वैश्विक किरणांच्या माऱ्याने त्यांच्यात साठलेल्या निऑनवरून हे वय काढलं गेलं. मावळत्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेली ही राख. सौरमालेच्या जन्माची धग तिने जशीच्या तशी पचवली.