काका, हात ओलं करा की!

पावसाळ्यात रंकाळ्यावर फिरणं होत नाही, म्हणून आबा राजारामपुरीतल्या एका जिममध्ये ट्रेडमिलवर चालायला लागले. पहिल्या दिवशी हँडलवरच्या चकचकीत पट्ट्या धरल्या, तर पडद्यावर नुसत्या रेघा. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हात जरा ओलं करा की!" आबांनी तळव्यांना पाणी चोळलं आणि थोड्याच वेळात नाडीचा आकडा उमटला, ९४.

त्या पट्ट्या नाडीची उडी मोजत नाहीत, वीज मोजतात. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. दर ठोक्याला तिथून विजेची लाट निघते, हृदयभर पसरते आणि मग हृदय आकुंचन पावतं. आपलं शरीर आतून खारट पाण्यानं भरलेलं, त्यामुळे त्या लाटेचा अंश तळहातापर्यंत पोचतो. तो भरतो जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलचा दीड हजारावा हिस्सा!

त्यात घरादारातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण शरीर अँटेनासारखी गोळा करतं, आणि ती हृदयाच्या लाटेला सहज बुडवू शकते. पण ती दोन्ही हातांवर जवळपास सारखीच असते. यंत्र एका हातातून दुसरा वजा करतं. सारखं ते उडून जातं, हृदयाचा फरक तेवढा उरतो. मला या सगळ्यात ही वजाबाकीच सर्वांत देखणी वाटते. एका हातानं धरून भागत नाही ते यामुळेच. उरलेल्या रेषेत दर ठोक्याला एक टोकदार सुळका दिसतो. दोन सुळक्यांत ०.८ सेकंद अंतर असेल, तर मिनिटाला ७५ ठोके.

आता पाण्याचं. त्वचेचा वरचा थर मेलेल्या, कोरड्या पेशींचा, तो वीज अडवतो. शिवाय शरीरात वीज वाहून नेतात मिठाचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, तर धातूत इलेक्ट्रॉन. दोघांची गाठ पडायला मधे ओल लागते. घाम खारट, म्हणून तो साध्या पाण्याहून सरस. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी काढत, तेव्हा माणसाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवत. त्या कामाला १९२४ चं नोबेल मिळालं. पळणारी पोरं छातीचा पट्टा बांधण्याआधी ओला करतात, तेही याचसाठी.

दुसऱ्या दिवशी आबांचा आकडा एकदम १४० वर गेला आणि मी घाबरलो. आबा जुने तालमीतले, त्यांनी हँडल पैलवानाच्या पकडीनं आवळलं होतं. दंडाचे स्नायूही वीज सोडतात, आणि यंत्र त्यांचे सुळके हृदयाच्या ठोक्यांत धरून बसलं होतं. पकड सैल केल्यावर आकडा हळूहळू ९८ वर आला.