ट्रॉली गळतेय? सिलिकॉनची ट्यूब फोडण्याआधी हे वाचा
(टिअरड्रॉप कॅम्पिंग ट्रॉली, म्हणजे गाडीमागे जोडायची, आत झोपायची थेंबाच्या आकाराची छोटी ट्रॉली, वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक, सातारा)

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की आमच्या शेडवर फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो : "छताच्या कडेला सिलिकॉन मारलं, तरी आत ओल येतेय. वरून अजून एक हात मारू का?" मारू नका. ट्रॉली आमच्याकडे बांधलेली असो किंवा तुम्ही अंगणात स्वतः बांधलेली, उत्तर तेच आहे. त्यामागचं कारण सगळ्यांना नीट कळावं म्हणून हे पत्रक.

पाणी शिरतं कुठून

प्लायचा सपाट भाग पाणी सहजासहजी घेत नाही. घेते ती त्याची कापलेली कड. स्क्रूसाठी पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे प्लायच्या पोटात तयार झालेली नवी कड. "पण मी मरीन प्लाय वापरलाय" असं पुष्कळ जण सांगतात. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा प्लाय ७२ तास उकळून तपासतात हे खरं, पण त्यात थर सुटतात का ते पाहतात. उघडी कड तरीही पाणी पिते आणि फुगते.

आमच्याकडे येणाऱ्या गळक्या ट्रॉल्यांमध्ये मूळ सांधे बहुतेक वेळा ठीक असतात. पाणी येतं ते नंतर बसवलेल्या वस्तूंच्या भोकांतून : ताडपत्रीचा हूक, एलईडी दिवा, छतावरचं कॅरिअर, सोलरचा ब्रॅकेट. आणि ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही. पाणी प्लायवर चढवलेल्या पत्र्याखालून उताराने वाहत जाऊन दोन-तीन फूट लांब बाहेर पडतं, म्हणून डाग दिसला तिथे सिलिकॉन थापून काही साधत नाही.

सिलिकॉनला आमचा विरोध का

हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या, आंबट वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. ते अ‍ॅल्युमिनियमला, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीला आणि स्क्रूला खातं. पण मोठं नुकसान वेगळंच आहे : एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर दुसरं काही धरत नाही. रंग धरत नाही, इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) धरत नाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट धरत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा महिन्याभरात सालीसारखं निघतं. त्यातून खंबाटकी किंवा पसरणी घाटाच्या वळणांवर ट्रॉलीचं अंग थोडं पिळतं, कड केसभर सुटते आणि पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी वरच्या थरामुळे बाहेर मात्र पडत नाही. महाबळेश्वरकडे वर्षाला पाच मीटरहून जास्त पाऊस होतो. तिथे भिजलेली ट्रॉली दिवाळीपर्यंत तशीच झाकून ठेवली, तर कडेचा प्लाय बोटाने दाबला जातो.

सुकलेलं सिलिकॉन अ‍ॅसिटोनने किंवा थिनरने विरघळत नाही. थेट पॉलिश पेपर मारला तर ते निघायच्या ऐवजी छिद्रांत आणखी चोळलं जातं. म्हणून आधी कडेवरची धातूची पट्टी उतरवायची, मग ब्लेडने आणि प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचं, मग रिमूव्हर लावून पुसायचं. त्यानंतर वर पाणी शिंपडून बघायचं : पाण्याचे मणी झाले तर सिलिकॉन अजून बाकी आहे, सपाट पसरलं तर जागा साफ आहे. त्याच्यानंतरच ८० नंबरचा पेपर. एका बाजूची पट्टी बसवायला दोन तास पुरतात. सिलिकॉन काढण्यात अख्खा दिवस जातो. बिलात "सिलिकॉन सफाई" अशी वेगळी ओळ दिसते ती यामुळे.

"वरच्या वर मारून द्या, एवढा पावसाळा निघू दे," असाही आग्रह होतो. ते काम आम्ही घेत नाही. पुढच्या वर्षी तोच प्लाय बदलावा लागतो, आणि तो खर्च तुमचाच असतो.

मग लावायचं काय

पट्टीच्या आणि ब्रॅकेटच्या खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी टेप. ही टेप कधी वाळून कडक होत नाही, त्यामुळे अंग पिळलं तरी सोबत ताणली जाते. दोन्ही बाजूंनी चिकट आणि साधारण ३ मिमी जाडीची घ्या. पत्र्याच्या शेडवर मारतात ती चंदेरी टेप पट्टीखाली चालत नाही. डांबरी टेप तर आमच्या उन्हाळ्यात ओघळते.

टेप लावताना ती ताणू नका. स्क्रू मधल्यापासून कडांकडे, प्रत्येकाला थोडा थोडा पीळ देत आवळा. मशीनने एका दमात आवळलं तर टेपला पसरायला वेळ मिळत नाही. दोन्ही बाजूंनी टेप सारखी बाहेर डोकावली की थांबा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्रा तापलेला असताना, पुन्हा अर्धा पीळ द्या. हा दुसऱ्या दिवसाचा पीळ बहुतेक जण विसरतात. बाहेर आलेली टेप साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या प्लास्टिकच्या पात्याने कापा. वरून हवा असेल तर पीयू सीलंटचा बारीक हात. त्यावर रंग बसतो.

नवं भोक पाडायचंच असेल तर ४ मिमी स्क्रूसाठी आधी ८ मिमीचं पाडा, आतून टेप लावून भोक बंद करा, इपॉक्सीने गच्च भरा, पूर्ण कडक होऊ द्या आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध ३ मिमीचं भोक पाडा. स्क्रू इपॉक्सीत बसतो, प्लायची कड उघडी राहतच नाही. एवढं करायला एक रात्र मध्ये जाते, ती जाऊ द्या. दोन-चार भोकं असतील तर आमच्याकडे आणा, किरकोळ दरात करून देतो. ब्यूटाइलचे रोल आणि छोटे इपॉक्सी पॅकही शेडवर मिळतात.

गळती शोधायची कशी

दोघं लागतात. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून सुरू करा आणि दर दहा मिनिटांनी फूटभर वर सरका. वरून सुरू केलं तर सगळीकडून ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. मागच्या डिकीच्या बिजागरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

डिसेंबरात कास-बामणोलीला मुक्काम करून आलेले पुष्कळ जण गळतीची तक्रार घेऊन येतात. पाऊस नसताना सकाळी काचेवर आणि गादीच्या खालच्या बाजूला ओल असेल, तर तो दोन माणसांच्या श्वासाचा दमटपणा आहे. दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा, गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाका. एकाच जागी तपकिरी डाग असेल आणि तो पावसानंतर वाढत असेल, तरच गळती समजा.

उलट माण-खटावकडच्या ट्रॉल्यांना उन्हाचा त्रास जास्त. वार्निश तडकतं आणि कड उघडी पडते. दर वर्षी मे महिन्यात कडांवर वार्निशचा एक हात द्यायला विसरू नका.

आणखी दोन विचारणा

मागे ट्रॉली हेलकावे खाते : भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीला जोडायच्या हूकवर यायला हवा. पाण्याचा कॅन मागच्या किचनमधून काढून चाकाच्या पुढे ठेवा, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

नोंदणी : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणी लागते. एमएच ११ असो, १० असो की ५०, बांधकाम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. ते काम आम्ही करत नाही.

पावसाळ्याआधीची तपासणी एप्रिल-मे मध्ये घेतो. तेव्हा प्लाय कोरडा असतो, त्यामुळे सीलंट चांगलं धरतं. जूनमध्ये आणलेली ओली ट्रॉली आधी शेडमध्ये सुकवावी लागते आणि तुमचा नंबर मागे पडतो. आणताना गादी आणि किचनचं सामान काढून आणा, आणि आधी कुठे काय लावलं होतं ते कागदावर लिहून आणा. सिलिकॉन मारलं असेल तर तेही लिहा. आम्ही रागावत नाही, फक्त किती दिवस लागतील ते त्यावरून आधीच सांगता येतं.