जुन्या स्पोर्ट्स कारला जाड गादीचा उपाय चालत नाही

छत्रपती संभाजीनगर असो की लातूर, जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: पाठ दुखते ना, मग जाड गादी टाका आणि सीट पार मागे सरकवा. हा सल्ला चुकीचा आहे.

१९६२ ते १९८० या काळात निघालेल्या या गाडीत मुळात जागा बेताची. गादीने माणूस वर उचलला जातो, मांड्या स्टिअरिंगला घासतात. दुखण्याचं मूळ बहुतेकदा सीटच्या पोटात असतं. फोम बसलेला, खालचा रबरी आधार सैल. कंबर खचते, गुडघे वर येतात. तो आधार आणि फोम बदला, चांगला कुशनवाला हे काम करून देतो. मग सीट आणि पेडलमधलं अंतर बघा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, नाहीतर कन्नडच्या घाटात पाय ताणून माणूस पुढे घसरत राहतो.

पाय पोचत नाही म्हणून पेडलला तारेने लाकडी ठोकळा बांधणं तर जीवघेणं. निसटून ब्रेकखाली अडकला तर? ॲक्सिलरेटर खोल वाटत असेल तर बोल्टने घट्ट बसणारी पट्टी लावा. ब्रेकचं पेडल मात्र पुशरॉड, म्हणजे पेडलचा जोर पुढे पोचवणारा दांडा, लांबवून वर आणू नका. ब्रेक ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरपाशी किंचित प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागतोच. तो गेला की ब्रेक ऑइल मागे परतत नाही, ब्रेक धरून राहतात आणि तापतात.