पोलीस, प्रचारक आणि ‘१९८४’

१९४२ सालचा एक फोटो आहे. बीबीसीच्या स्टुडिओत ‘व्हॉइस’ या कवितांच्या कार्यक्रमासाठी मंडळी जमली आहेत. बसलेल्यांत टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या कवयित्री उना मार्सन आणि वेणू चितळे, कोल्हापूरकडच्या शिरोळच्या. मागे उभा असलेला उंच, शिडशिडीत माणूस म्हणजे कार्यक्रमाचा निर्माता एरिक ब्लेअर, अर्थात जॉर्ज ऑर्वेल. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ अशी सव्वादोन वर्षं तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या देशांसाठीच्या विभागात नोकरीला होता. चितळे त्याच्या सहायक होत्या. युद्धाच्या आठवडाभरातल्या घडामोडींवर तो इंग्रजीत मजकूर लिहायचा, त्याचं मराठी, गुजराती, बंगाली, तमिळमध्ये भाषांतर व्हायचं आणि ते प्रसारित व्हायचं. तेव्हा आपल्याकडे ज्या थोड्या घरांत रेडिओवर लंडन लागायचं, त्यांतल्या काहींनी ऑर्वेल मराठीतून ऐकला असणार, कोणाचा मजकूर आहे हे न कळता.

काही वर्षांनी याच माणसाने विन्स्टन स्मिथ नावाचा कारकून उभा केला. विन्स्टन ‘सत्य मंत्रालया’त कामाला आहे. सत्तेच्या आजच्या सोयीप्रमाणे जुन्या अंकांतल्या बातम्या बदलून लिहायच्या आणि मूळ कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, की तो थेट भट्टीत, ही त्याची नोकरी. ‘१९८४’ ही कादंबरी भविष्यवाणी म्हणून वाचायची आपल्याला सवय लागली आहे. चौकात कॅमेरा बसला की कोणीतरी ‘बिग ब्रदर’, म्हणजे त्यातला सगळ्यांवर नजर ठेवणारा सत्ताधीश, म्हणतंच. मला ती बरीचशी आठवणींची वही वाटते. आणि त्यातल्या दोन मोठ्या आठवणी ऑर्वेलने सत्तेच्या बाजूच्या खुर्चीत बसून जमवलेल्या आहेत.

पहिली खुर्ची पोलिसाची. ऑर्वेलचा जन्म २५ जून १९०३चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. आई वर्षभरातच मुलाला घेऊन इंग्लंडला गेली. ईटनसारख्या बड्यांच्या शाळेत शिष्यवृत्तीवर शिकलेला हा मुलगा पुढे कॉलेजात न जाता १९२२मध्ये ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला. पाच वर्षं काढून १९२७मध्ये नोकरी सोडली. त्या दिवसांवर त्याने फाशीच्या प्रसंगाचा एक छोटा लेख लिहिला, १९३१ साली छापून आलेला. दोन्ही बाजूंनी दंड धरून शिपाई कैद्याला फाशीकडे नेत आहेत. वाटेत पावसाच्या पाण्याचं डबकं येतं आणि कैदी पाय भिजू नये म्हणून किंचित बाजूला सरकतो. मिनिटाभरात मरणारा माणूस! कादंबरीत ओब्रायन हा सत्तेचा अधिकारी विन्स्टनला कोठडीत मोडतो, त्या प्रकरणांत छळ करणारा इतका शांत आणि समजूतदार का वाटतो, याचं उत्तर मला या डबक्यापाशी सापडतं. दंड धरणाऱ्यांची बाजू लेखकाने आतून पाहिली होती.

त्या बाजूला उभं राहिल्याच्या अपराधी भावनेतून पुढची वर्षं गेली. पॅरिसच्या हॉटेलांत भांडी घासणं, लंडनच्या भटक्यांबरोबर राहणं, आणि १९३६मध्ये उत्तर इंग्लंडच्या कोळसा पट्ट्यात मुक्काम. खाणीत उतरल्यावर प्रत्यक्ष कोळशापर्यंत मैलभर वाकून चालायचं आणि त्या चालण्याची मजुरी नाही, हे त्याने स्वतः वाकून पाहिलं. त्यावरच्या ‘द रोड टू विगन पिअर’ या पुस्तकात गाडीच्या खिडकीतून दिसलेली एक बाई आहे: थंडीत गुडघ्यावर बसून तुंबलेल्या मोरीच्या पाइपात काठी घालणारी. आपल्या वाट्याला काय आलंय ते तिला पुरतं ठाऊक होतं, असं तो लिहितो. ‘१९८४’मध्ये लंगोट वाळत घालत गाणारी धिप्पाड बाई येते तेव्हा मला ही आठवते. आशा असेल तर ती या कष्टकऱ्यांतच, असं विन्स्टन डायरीत लिहितो ते उगाच नव्हे.

पण खरी ठिणगी स्पेनची. डिसेंबर १९३६मध्ये तिथल्या यादवी युद्धात फॅसिस्टांच्या बाजूच्या जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला तो बार्सिलोनाला गेला आणि ‘पोउम’ या छोट्या, स्टालिनविरोधी डाव्या पक्षाच्या तुकडीत भरती झाला. मे १९३७मध्ये शहरात डाव्यांचीच आपसांत गोळीबाजी सुरू झाली. ऑर्वेल तीन दिवस एका थिएटरच्या गच्चीवर बंदूक घेऊन बसला होता. नंतर वर्तमानपत्रं वाचली तर लिहिलेलं, की हे सगळं फॅसिस्टांचे हस्तक असलेल्या पोउमचं कारस्थान. न झालेल्या लढाया छापून येत होत्या आणि जिथे शेकडो मेले तिथलं अवाक्षर नव्हतं.

२० मे रोजी आघाडीवर त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. बरा होऊन जूनमध्ये तो बार्सिलोनाच्या हॉटेलात परतला. लाउंजमध्ये बायको, आयलीन, बसली होती. ती उठली, हसतमुखाने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि कानात म्हणाली, ‘इथून निघ!’ पक्षावर बंदी आली होती, सोबत्यांची धरपकड चालू होती. पुढच्या रात्री त्याने उघड्यावर काढल्या. खोलीची झडती घेणाऱ्या पोलिसांनी दोन तास कागदन्‌कागद चाळला, पण पलंगाला हात लावला नाही. त्यावर आयलीन झोपली होती आणि बाईमाणसाला उठवणं त्या स्पॅनिश शिपायांना बरं दिसेना. नवरा-बायको कशीबशी सरहद्द ओलांडून फ्रान्सला निसटली. यावरचं ‘होमेज टू कॅटलोनिया’ १९३८मध्ये आलं. १५०० प्रती छापल्या होत्या, त्या त्याच्या हयातीत संपल्या नाहीत.

दुसरी खुर्ची बीबीसीची. इथे प्रत्येक शब्द आधी कागदावर यायचा आणि त्यावर धोरण व सुरक्षा असे दोन शिक्के पडल्यावरच माइकसमोर जायचा. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, आणि साम्राज्याचा उघड विरोधक असलेला ऑर्वेल त्याच साम्राज्याच्या वतीने भारतीयांशी बोलत राहिला. हिटलरपेक्षा हे बरं, एवढीच त्याची समजूत. डायरीत मात्र तो स्वच्छ लिहितो, की प्रचार खरं बोलत असला तरी खोटाच असतो. भारतात हे कार्यक्रम फारसं कोणी ऐकत नाही हे कळलं तेव्हा वेळ आणि जनतेचा पैसा फुकट चालल्याचं सांगून त्याने राजीनामा दिला. सत्य मंत्रालयाचं कळकट कॅन्टीन बीबीसीच्या कॅन्टीनवरून घेतलं, असं मानलं जातं. कादंबरीतल्या सत्तेने घडवलेली कमी शब्दांची ‘न्यूस्पीक’ ही भाषाही त्याच काळातली: ८५० शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये त्याला तेव्हा रस होता.

बाकीचे धागे इकडून तिकडून आले. कादंबरीत जग तीन महासत्तांत वाटलेलं आहे, ते तीन तुकडे दोस्त राष्ट्रांच्या तेहरानच्या १९४३च्या परिषदेतून सुचले. विन्स्टनकडून वदवून घेतलं जाणारं दोन अधिक दोन पाच हे रशियाच्या पंचवार्षिक योजनेचं घोषवाक्य होतं: पाच वर्षांचं काम चार वर्षांत! झाम्यातिन या रशियन लेखकाची १९२०-२१मधली ‘वुई’ ही कादंबरी त्याने वाचली आणि १९४६च्या जानेवारीत तिच्यावर लिहिलं. ऋण उघड आहे. रेशन, ब्लेडची टंचाई, बॉम्बने पडलेली घरं हे तर लंडनच. तिथे पाव रेशनवर आला तो युद्ध संपल्यानंतर, १९४६मध्ये.

लिहिणं झालं स्कॉटलंडच्या जुरा बेटावर, क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. अमेरिकेहून मागवलेलं स्ट्रेप्टोमायसिन सोसलं नाही. टायपिस्ट बेटावर यायला मिळेना, म्हणून १९४८च्या अखेरीस अंथरुणात बसून सगळी प्रत स्वतःच टाइप केली. ८ जून १९४९ला पुस्तक आलं आणि लगेच समाजवादाच्या विरोधकांनी ते डोक्यावर घेतलं. हा समाजवादावर किंवा मजूर पक्षावर हल्ला नाही, असा खुलासा त्याला करावा लागला. त्याच वर्षी त्याने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला ३८ नावांची यादी दिली होती, सोव्हिएतधार्जिणे म्हणून विश्वास ठेवू नयेत अशांची. ‘१९८४’च्या लेखकाने हे करावं याचा चटका बसतो, आणि तो बसू द्यावा. २१ जानेवारी १९५०ला तो गेला, वयाच्या ४६व्या वर्षी.

पुस्तक यायच्या आधी अमेरिकेतल्या ‘बुक ऑफ द मंथ’ क्लबने दोन भाग काढायला सांगितले होते: सत्तेचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टीनचं मधलं लांबलचक पुस्तक आणि शेवटचं न्यूस्पीकवरचं परिशिष्ट. नकार दिला तर सुमारे ४० हजार पौंड बुडणार होते. मरणाच्या दारात असलेल्या, पाच वर्षांच्याही न झालेल्या दत्तक मुलाच्या बापाने नकार दिला, आणि क्लबने पुस्तक आहे तसं घेतलं. ते परिशिष्ट सगळं भूतकाळात लिहिलेलं आहे. न्यूस्पीक ही ओशियानियाची, म्हणजे विन्स्टनच्या देशाची, अधिकृत भाषा होती, अशी त्याची सुरुवात आहे. होती.