बाळ जगलं का, आणि किती खर्चात?

दवाखाना मोठा की लहान हे आपण खाटा, यंत्रं आणि पाटीवरच्या पदव्यांवरून ठरवतो. घरी गेलेल्या रोग्याला पुढे गुण आला का, हे विचारायला सहसा कुणी येत नाही. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रोग्याचं कार्ड ठेवत, वर्षभरानं त्याला पुन्हा तपासत, आणि गुण नसेल तर का नाही तेही लिहीत. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचे निकाल त्यांनी १२३ चुकांसकट छापले. शहरातल्या बड्या डॉक्टरांना ते मुळीच रुचलं नाही.

अशा निकालाशेजारी खर्चही मांडलेला पाहायचा, तर गडचिरोलीला यावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसेवा आणि संशोधन करणारी संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती, आणि गावातल्या दाईला मिनिटाचे पन्नास-साठ श्वास मोजणं जमत नव्हतं. मग तिच्या हाती मणी आणि वाळूचं घड्याळ आलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब आला: न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ५४ टक्के कमी, आणि वाचलेल्या एका मुलामागे औषधाचा खर्च २.६४ डॉलर.

नवजात बाळाचा जंतुसंसर्ग मात्र रुग्णालयातच बरा होतो, असं तेव्हा सगळेच धरून चालत. १९९३ पासून ३९ गावांत काम सुरू झालं. तिथल्या आरोग्यदूत बायका बाळाचं वजन करायला, त्याला उबेत ठेवायला, आणि पुढे जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. खर्च बाळामागे ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. ही सेवा नसलेल्या ४७ गावांतलीही बाळं तितक्याच काटेकोरपणे मोजली होती. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं, कारण त्या मोजणीशिवाय हे आकडे नुसता दावा ठरले असते.

याच धर्तीवर २०११ मध्ये घरोघरच्या नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा घरी येते, वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन.