‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द का? सर्च इंजिन आणि मराठीचा पदच्छेद

मराठी बातम्यांच्या संग्रहात ‘पुस्तक’ शोधलं आणि ‘पुस्तकांच्या’ असं लिहिलेला लेख आलाच नाही, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. त्याचं मूळ शोधाच्या फार आधीच्या एका टप्प्यात आहे. सर्च इंजिन मजकूर साठवताना तो तोडतं आणि तुकड्यांची सूची बनवतं, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. या तुकड्याला टोकन म्हणतात. आपण चौकटीत लिहिलेला शब्दही त्याच नियमानं तोडला जातो आणि दोन्हीकडचे तुकडे तंतोतंत जुळले तरच लेख समोर येतो. म्हणजे कुठे तोडायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात, काय सापडणार आणि काय कायमचं दडून राहणार, हेही असतं.

हे नियम मुळात इंग्रजीसाठी घडले. तिथे दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते आणि शब्दाच्या शेवटी एस, ईडी, आयएनजी अशी मोजकी शेपटं. मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली ती शेपटं छाटण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचा प्रभाव आजही जाणवतो. डग कटिंग यांनी १९९७ च्या सुमारास ‘ल्युसीन’ हे शोधाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, ते २००१ मध्ये अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आलं आणि पुढे ‘सोलर’ व २०१० मधलं ‘इलास्टिकसर्च’ ही सर्च इंजिनं त्याच पायावर उभी राहिली. ल्युसीननं एक फार मोलाची गोष्ट केली. तोडणीचं काम इंजिनाच्या पोटात पुरून न ठेवता ते ‘ॲनालायझर’ नावाच्या सुट्या भागात ठेवलं. आधी अक्षरं साफ करणारे फिल्टर, मग प्रत्यक्ष तोडणारा टोकनायझर, त्यानंतर तुकड्यांवर संस्कार करणारे फिल्टर. यातली कुठलीही कडी काढून आपली बसवता येते. मराठीला वाव मिळाला तो या रचनेमुळे.

पण वाव मिळाला तरी पहिला घाव अक्षरांवरच बसला. अनेक टोकनायझर ‘अक्षर आहे तोवर शब्द चालू’ असं मानतात आणि अक्षर म्हणजे काय ते युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला नि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) वर्गवारीवरून ठरवतात. त्या वर्गवारीत क, ख, ग ही अक्षरं आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही मात्र ‘चिन्हं’ आहेत. त्यामुळे ‘पुस्तक’ उकारापाशी तुटतो, जोडाक्षरातल्या हलन्तापाशी पुन्हा तुटतो आणि हाती येतात ‘प’, ‘स’ आणि ‘तक’. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शब्द वेचण्यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हा संकेत आजही हेच करतो. असंख्य मोबाइल ॲपच्या आत असलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसच्या मजकूरशोधात मूळ सेटिंग तसंच ठेवलं, तरी हेच होतं. तिथे ‘कॅटेगरीज’ या पर्यायात चिन्हांचे वर्ग जोडले की शब्द अखंड राहतो. एका ओळीची दुरुस्ती, पण ती करायची असते हे कुणीतरी सांगावं लागतं.

ल्युसीनमध्ये भारतीय लिप्यांसाठी काही काळ वेगळा टोकनायझर होता. २०११ च्या ३.१ आवृत्तीत मुख्य टोकनायझरनंच युनिकोडचे शब्दसीमांचे नियम स्वीकारले. त्या नियमांत मात्रा आणि हलन्त आधीच्या अक्षराला चिकटूनच राहतात, त्यामुळे वेगळ्या टोकनायझरची गरज संपली. हिंदीसाठीचा ॲनालायझरही याच काळात तयार झाला.

इथून पुढे हिंदी आणि मराठीची वाट वेगळी होते आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे. दोघींची लिपी एक, म्हणून हिंदीचा ॲनालायझर मराठीला लावून देण्याची सवय पडली आहे. पण हिंदीत ‘घर के सामने’ असे तीन सुटे शब्द लिहितात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचं. ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात ‘घर’, त्याचं सामान्यरूप करणारा ‘आ’, मग ‘समोर’, मग ‘च्या’ इतकं सगळं आहे. मोकळ्या जागेवर तोडणाऱ्या यंत्राला हिंदीतलं ‘घर’ आयतं मिळतं, मराठीतलं मिळत नाही. शिवाय सामान्यरूप मूळ शब्दही बदलतं: पाणी–पाण्या, पाऊस–पावसा, मूल–मुला. हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय छाटणारा भाग, ‘मुलाला’ या शब्दाचा शेवटचा काना काढून ‘मुलाल’ असा कुठलाच नसलेला शब्द हातात देतो.

या फरकाची किंमत मोजली गेली आहे. भारतीय भाषांतल्या शोधाची परीक्षा घेणारा ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्याच्या मराठी संचात महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळमधल्या सुमारे ९९ हजार बातम्या होत्या. त्यावर स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातल्या ल्यिलियाना डोलामिक आणि जाक साव्हॉय यांनी प्रयोग केले आणि ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यय अजिबात न छाटणं आणि कसून छाटणं यांची तुलना केली, तेव्हा कसून छाटल्यावर शोधाची गुणवत्ता बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत २८ टक्के आणि मराठीत ४२ टक्के वाढली. मराठीचा आकडा सगळ्यात मोठा आला, कारण शब्दाच्या पोटात सगळ्यात जास्त दडवून ठेवणारी तीच आहे. गंमत म्हणजे शब्दाची फक्त पहिली चार अक्षरं ठेवून बाकी टाकून देण्याची अडाणी वाटणारी युक्तीही कसून छाटणीच्या जवळपास पोहोचली. ‘सरकारने’, ‘सरकारला’, ‘सरकारी’ तिनं एकत्र येतात. पण काना-मात्राही वेगळे धरून युनिकोडची चार चिन्हं मोजली तर ‘महाराष्ट्र’ आणि ‘महाराज’ही एक होतात आणि ‘घरात’ व ‘घराला’ वेगळेच राहतात. छोट्या शब्दांची भाषा असेल तिथे ही युक्ती पुरी पडत नाही.

शब्द कुठे तोडावा ही आपल्याकडची जुनीच विद्या आहे. ऋग्वेदाच्या शाकल्याच्या पदपाठात संधी सोडवून एकेक पद सुटं केलं आहे. शिवाय समासाचे भाग, आणि ‘भिः’, ‘सु’ यांसारखे काही प्रत्ययही अवग्रह (ऽ हे चिन्ह) देऊन वेगळे दाखवले आहेत. उलट मोडी लिहिणारे कारकून आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात. शब्द वाचणाऱ्यानं तोडायचे. मोकळी जागा म्हणजे शब्दाची हद्द, ही समजूत मराठीपुरती तरी छापखान्यानं घट्ट केली. प्रत्ययांचे तक्ते दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणातही छापील स्वरूपात आहेत. तरीही ल्युसीनच्या ९.० आवृत्तीपर्यंत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू आणि नेपाळीचे ॲनालायझर आले, मराठीचा नव्हता. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आज मराठी शोध नीट हवा असेल तर ॲनालायझर स्वतःच जुळवावा लागतो. पहिली कडी अक्षरं साफ करण्याची. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप झालेला आढळतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तोडण्याआधीच हे एका रूपात आणायला हवं. मग प्रत्यय बाहेरून आत छाटायचे: आधी ‘च्या’, मग ‘समोर’, मग सामान्यरूपाचा ‘आ’. ऱ्हस्व-दीर्घ एक केले तर ‘मूल’ आणि ‘मुला’मधलं अंतर कमी होतं, मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र येतात. ही किंमत मी स्वीकारतो, कारण टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घ चुकणारे वाचक खूप आहेत.

सगळ्यात चिकाटीचं काम अपवादांचं. ‘त’ छाटायचा म्हटलं की ‘हात’, ‘भात’, ‘शेत’ जायबंदी होतात. ‘ला’ छाटला की ‘मसाला’ आणि ‘बंगला’. ‘चा’ छाटला की ‘वाचा’. ‘ना’ छाटला की ‘योजना’. इलास्टिकसर्चमध्ये अशा शब्दांना हात लावू नये म्हणून ‘कीवर्ड मार्कर’ आणि मूळ रूप हातानं नेमून देण्यासाठी ‘स्टेमर ओव्हरराइड’ असे दोन फिल्टर आहेत. ‘पुण्याच्या’ आणि ‘पुण्यात’ यांचा ‘पुणे’ दुसऱ्यात नेमून देता येतो. मग ‘पुण्य’ शोधणाऱ्याचं काय करायचं, हे संग्रह बातम्यांचा आहे की संतसाहित्याचा यावर ठरतं. आणि साठवतानाचा असा एकही नियम बदलला तर आधीचा सगळा मजकूर नव्यानं सूचीत घालावा लागतो, कारण जुने तुकडे जुन्याच सुरीनं कापलेले असतात.